आपल्याच केसांची वेणी

एल आल्तो,
१४ जानेवारी १९९६

चि. हुस्तिनास अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

ट्रकवाला उद्या इरुपानाला निघतोय, म्हणून बाजारात गाळ्यावर बसूनच लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस. मांडीवर चुन्योचं पोतं आहे, पोत्यावर कागद आहे, आणि मधूनमधून गिऱ्हाईक येऊन सुकवलेले बटाटे दाताखाली फोडून बघतंय.

बातमी अशी की माझी किडनी ग्रोव्हरला चालते. डॉक्टर उर्किदीबाईंनी स्वतः बोलावून सांगितलं. तुझं रक्त जुळलं नाही तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली होतीस, ते आता विसर. शेवटी आईचंच कामाला आलं.

पण बाईंनी अट घातलीय, आणि ती ऐकून तू हसणार हे मला माहीत आहे. काट्यावर माझं वजन अठ्ठ्याण्णव भरलं. बाई म्हणाल्या, एवढ्या चरबीत सुरी घालायला आमचा सर्जन धजणार नाही, आणि टेबलावर तुम्हालाच काही झालं तर पोराला किडनीही नाही आणि आईही नाही. पंचाहत्तरच्या आत या, मग तारीख देते. वर विचारतात की तुम्ही जेवता तरी काय. मी सांगितलं, विकते तेच जेवते. झालं, चुन्यो बंद, पाव बंद, सकाळचं मक्याचं गरम आपी आणि त्याबरोबरची तळलेली पेस्टल बंद. उरला पाला आणि पाण्यासारखं सूप.

आपल्यात बाईने अंग धरलं की लोक म्हणतात हिचं बरं चाललंय. हे अंग मी बाजारात बसून कमावलंय, फुकट नाही मिळालं. पण आठवड्यातून दोनदा ग्रोव्हर त्या डायलिसिसच्या यंत्राला बांधून घेतो आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. एकोणीस वर्षांचं पोर. त्याला पाणीसुद्धा मापून. त्याच्यादेखत घोटभर प्यायले तरी मला चोरी केल्यासारखं वाटतं. तेव्हा अंग गेलं खड्ड्यात.

ग्रोव्हरसाठी बोललेल्या नवसाचं, ग्रान पोदेरच्या देवापुढे नाचायचं, यंदा तिसरं आणि शेवटचं वर्ष. जूनच्या पहिल्या शनिवारी नवस फिटेल. किडनी जुळवून देवाने त्याचा शब्द पाळला, आता मी माझा पाळते.

तुझ्या लेओन्सियोंना नमस्कार. लोभ आहे तेवढा ठेव, तो वजनाबरोबर उतरवू नकोस.

तुझी ताई,
फोर्तुनाता


इरुपाना,
४ फेब्रुवारी १९९६

ती. ताईस हुस्तिनाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग परत हसले. आमचे हे म्हणाले की आता तुझी ताई आली तर ट्रकच्या पुढच्या सीटवर आणखी एक माणूस बसेल. मी त्यांना म्हटलं, तुमच्या जिभेचं वजन कुणी उतरवलं तर बरं होईल.

ताई, मी तुझ्यापाशी मोकळेपणाने सांगते. रक्त जुळलं नाही हे मला अजून सलतं. मला मूल नाही. दर वर्षी संत्र्यांच्या तोडणीला ग्रोव्हर यायचा, झाडावर चढून खाली फेकायचा आणि मी ओच्यात झेलायचे, तेवढंच माझं आईपण. त्याला द्यायला माझ्या अंगात काही चालण्यासारखं निघू नये याचा मला राग येतो. कुणावर ते कळत नाही.

संत्री पाठवते आहे. ग्रोव्हरला किडनीमुळे चालत नाहीत हे लक्षात आहे, तू खा. कॉफीही आहे, ती मात्र बिनसाखरेची पी. भुकेने डोळ्यापुढे अंधारी आली तर कोकाची पानं गालात धर आणि मला शिव्या दे, म्हणजे वेळ जाईल.

बाजारातल्या बायका काय म्हणतात ते कळव. तुझी ती एउसेबिया गप्प बसणाऱ्यातली नाही. आमच्यावर जीव आहे तो असाच असू दे, आम्ही इथून आमचा लावतोच.

तुझी धाकटी,
हुस्तिना


एल आल्तो,
३१ मार्च १९९६

चि. हुस्तिनास अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

वजन उतरतंय. उर्किदीबाई काट्यापाशी टाळी वाजवतात, मला शाळेत गेल्यासारखं होतं.

बाजारात माझ्या नावाने दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो फोर्तुनाता बुडाली, दुसरा म्हणतो हिला क्षय झालाय. खरं कारण मी सांगितलंय, पण मुलासाठी उपाशी राहते म्हटलं की लोक मान हलवतात आणि पाठ वळली की म्हणतात, नक्की बुडाली. एउसेबियाने परवा गुपचूप पावांची पिशवी माझ्या गाळ्यावर ठेवली आणि वर म्हणाली की वाईट दिवस कुणाला चुकलेत. मी तिला पिशवी परत केली तर रुसली. आता मी घेरदार पोल्येराच्या आत दोन परकर जास्त घालते, म्हणजे घेर भरलेला दिसतो. लोकांना फसवणं काही अवघड नाही.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. माझे केस चाललेत. फणी फिरवली की मूठभर हातात येतात. उशीवर केस, टोपीत केस, काल सुपात केस. माझ्या वेण्या किती जाड होत्या ते तुला सांगायला नको, लहानपणी तू त्याच धरून लोंबकळायचीस. आता बोटाएवढ्या राहिल्यात. गळालेले सगळे डब्यात साठवतेय. मेल्यावर जिवाला आपले केस गोळा करत फिरावं लागतं असं आई म्हणायची, तेव्हा निदान एका जागी असावेत.

उर्किदीबाई म्हणाल्या की वजन झपाट्याने उतरलं की असं होतं, काही महिन्यांनी आपोआप येतात, काही करू नका. त्यांचे स्वतःचे केस मानेपर्यंत कापलेले. वेणी म्हणजे काय हे त्यांना कसं कळणार.

गंगावन लावू असं तू म्हणशील. बाजारात लावते, तेही बेमालूम. पण देवापुढे नाही लावणार. नाचाच्या आधी आमच्या पथकाची म्होरकी प्रत्येकीची वेणी ओढून बघते, खोटी निघाली तर सगळ्यांदेखत रांगेबाहेर. आणि ती सोड, तिला चार पैसे देऊन गप्प करता येईल. देवाचं काय? पोराचा जीव मागायला जायचं आणि डोक्यावर दुसऱ्या बाईचे केस घेऊन जायचं. तिसरं वर्ष खोटं पडलं तर आधीची दोनही खोटी पडतात. भूक मी सोसली, हे सोसवत नाही.

लिहीत जा. तुझ्या पत्रांनी इथलं घर चालतं, तेव्हा आळस करून आम्हांला उपाशी मारू नकोस, तेवढं मी आधीच करतेय.

तुझी ताई,
फोर्तुनाता


एल आल्तो,
१४ एप्रिल १९९६

ती. मावशीस ग्रोव्हरचा सा. न. वि. वि.

आई गाळ्यावर गेली आहे म्हणून लिहितो. तिला सांगू नकोस.

माझं ठीक आहे. यंत्राला चिकटून असतो तेव्हा बाकी सगळे झोपतात, मी डोळे मिटून तुझ्या घरामागचा ओढा आठवतो. ऑपरेशन झालं की तिथे येऊन पालथा पडून पाणी पिणार आहे, गुरं पितात तसं. काका ओरडले तरी उठणार नाही.

आईचं बघवत नाही. उपाशी राहते त्याचं तिला काही नाही, पण सकाळी फणी घेऊन बसली की रडते. मला दिसू नये म्हणून दाराकडे पाठ करते, पण खोली केवढी तुला माहीत आहे. मी म्हटलं की आई, टक्कल पडलं तर मीही डोकं भादरतो, दोघं एकसारखे दिसू. तर चप्पल घेऊन मागे लागली. बरं वाटलं तेवढ्यापुरतं.

डॉक्टरबाई सांगतात केस परत येतील. तिला पटत नाही. तुझं ऐकते ती. काहीतरी लिही ना तिला, काहीही. माझ्यामुळे तिचं काय काय जाणार आहे याचा मी हिशेब करत बसतो, तो कुणीतरी थांबवायला हवा.

मावशी, तू आहेस म्हणून बोलता येतं. अशीच रहा, एवढंच मागणं.

तुझा,
ग्रोव्हर


इरुपाना,
२८ एप्रिल १९९६

ती. ताईस हुस्तिनाचा सा. न. वि. वि.

तुझ्या केसांचं वाचल्यापासून मला चैन नव्हतं. देवाकडून तुला ही शिक्षा का, तू तर त्याचंच काम करते आहेस. मग मी स्वस्थ बसले नाही. वरच्या खोऱ्यातली एक म्हातारी इथे आठवडी बाजाराला येते, साली आणि मुळ्या विकते. आमच्या जावेचे बाळंतपणात सगळे केस गेले होते, हिच्याच सालीने परत आले. इतके आले की आता तिला मान हलवता येत नाही आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

सोबतच्या कापडात ती साल बांधली आहे. मूठभर घेऊन उकळायची आणि सकाळी अनशापोटी वाटीभर घ्यायची. कडू आहे, नाक दाबून पी. चेहरा वाकडा करशील तेव्हा मी समोर नाही याचं दुःख आहे.

उर्किदीबाईंना सांगत बसू नकोस. पाल्यामुळ्याचं नाव काढलं की डॉक्टर लोक नाक मुरडतात, आणि उगाच तारीख पुढे ढकलतील. झाडाचीच तर साल आहे.

माझी किडनी चालली नाही, निदान ही साल चालू दे. तू जून महिन्यात आपल्या केसांच्या वेण्या घालून नाचलीस की मला समजेल मीही काहीतरी दिलं. जीव लावतेस तो लावत रहा, आणि कडू लागलं तर माझ्यावर काढ.

तुझी धाकटी,
हुस्तिना


एल आल्तो,
९ जून १९९६

चि. हुस्तिनास अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

नाचले गं. वरच्या चौकापासून खालपर्यंत, जड पोल्येरा, शाल, टोपी, सगळं अंगावर घेऊन. वेण्या बारीक होत्या, पण माझ्या होत्या. म्होरकीने ओढल्या, तेव्हा डोळ्यात पाणी आलं इतक्या माझ्या होत्या. ग्रोव्हर कडेला खुर्चीवर बसून होता. मी समोरून गेले तेव्हा त्याने टोपी काढून मला सलाम केला, आणि बाजूच्या लोकांना सांगत सुटला म्हणे की ही बारकी बाई माझी आई आहे.

तुझी साल कामाला आली असं मी सगळ्यांना सांगितलं असतं, पण तू गप्प राहायला सांगितलंस. गळणं पुष्कळ कमी झालंय. तू सकाळचं एकदाच सांगितलं होतंस, मी रात्रीही घेत होते, कारण सण जवळ आला होता आणि मला धीर नव्हता. गाठोडं संपलं. जमलं तर आणखी पाठव.

आणि मुख्य ते शेवटी सांगते. काटा त्र्याहत्तरवर आला. बाईंनी जुलैच्या दहा तारखेला ऑपरेशन धरलंय. आता फक्त शेवटच्या तपासण्या. नाचल्यापासून पाय जरा सुजलेत आणि सकाळी डोळ्यांखाली फुगल्यासारखं होतं, पण एवढं नाचल्यावर या वयात सुजणारच.

हुस्तिना, मला आज फार हलकं वाटतंय. तू ये. ऑपरेशनला तू दाराबाहेर हवीस. लोभ कागदावर पुष्कळ झाला, आता तो घेऊन समक्ष ये.

तुझी ताई,
फोर्तुनाता


इरुपाना,
१९ जून १९९६

ती. ताईस हुस्तिनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आम्ही दोनदा मोठ्याने वाचलं. हे कधी नव्हे ते मला म्हणाले की जा, कोंबड्यांचं मी बघतो. मी सात तारखेला निघते.

सालीचं दुसरं गाठोडं पुढे पाठवते आहे, म्हातारीने या वेळी ताजी काढून दिली. ऑपरेशननंतर ग्रोव्हरला ओढ्यावर न्यायचं माझ्याकडे लागलं. आत्तापासून त्याला सांगून ठेव की दगडांवर शेवाळ आहे, धावायचं नाही.

अशीच माया ठेव, मी ती वसूल करायला येतेच आहे.

तुझी धाकटी,
हुस्तिना


एल आल्तो,
२ जुलै १९९६

ती. मावशीस ग्रोव्हरचा सा. न. वि. वि.

आई लिहायला बसते आणि उठते, म्हणून मी लिहितोय. सात तारखेला येऊ नकोस. ऑपरेशन होणार नाही.

शेवटच्या तपासणीत आईची किडनी बिघडलेली निघाली. जानेवारीत तीच चांगली होती. उर्किदीबाईंचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा तपासलं, तेच निघालं. मग त्यांनी आईला विचारलं की काही औषध, काही पाला, काही प्यायलात का. आई आधी नाही म्हणाली. मग शालीतून एक फडकं काढून टेबलावर ठेवलं, त्याच्या घडीत सालीचा चुरा होता. केस गळू नयेत म्हणून सण होईपर्यंत सकाळसंध्याकाळ उकळून प्यायली होती. बाईंनी चुरा बोटांवर घेऊन बघितला. मग म्हणाल्या की अशा साली किडनी खातात. आईला त्या दोन किडन्यांवर कसंबसं जगता येईल, पण काढून दुसऱ्याला देण्यासारखी आता एकही नाही. दुसरा देणारा आहे का विचारलं. तुला माहीत आहे, नाही. माझं हृदय थकत चाललंय असंही त्या म्हणाल्या, तो भाग आईला कळू नये म्हणून हळू बोलल्या, पण ती शेजारीच बसली होती.

साल कुठून आणलीस म्हणून मी आईला विचारलं. सागार्नागा रस्त्याच्या चढावर मुळ्या विकणाऱ्या बायका बसतात, त्यातल्या एकीकडून, तोंड आठवत नाही म्हणाली. मी काल तिथे गेलो होतो. अर्ध्या चढावर दम लागला आणि परत आलो. मावशी, मला रडू येत नाही, राग येतो. त्या बाईने आईला काय सांगून ते विकलं असेल. तिला माहीत तरी आहे का तिने काय केलंय. ती आज जेवली असेल, झोपली असेल.

तू येशील तेव्हा माझ्याबरोबर चल. तुझा हात धरून मला तो चढ जमेल. एकेका बाईपुढे उभं राहून विचारू. मारणार नाही मी तिला, फक्त माझं तोंड तिने बघावं.

आईला काही बोलू नकोस, ती आधीच अर्धी झालीय. तू आमचीच रहा, आता मोजकेच उरलेत.

तुझा,
ग्रोव्हर


इरुपाना,
१० जुलै १९९६

ती. ताईस हुस्तिनाचा सा. न. वि. वि.

आज दहा तारीख. आज आपण दवाखान्यात असायला हवं होतं.

ग्रोव्हरचं पत्र मला मिळालं. तू त्याला खोटं का सांगितलंस? माझं नाव का घेतलं नाहीस? तो ज्या बाईला शोधतोय ती मी आहे. पत्र मी यांनाही दाखवलेलं नाही, पदरात घेऊन फिरते. साल मी दिली, डॉक्टरला सांगू नकोस असंही मीच लिहिलं, मोठी शहाणी असल्यासारखं. आमची जाव सकाळी वेणी घालून समोरून गेली तर मी दार लावून घेतलं.

दुसरं गाठोडं पोचलं असेल तर जाळ. म्हातारीला मी जाब विचारला. ती म्हणाली की वाटीभर सांगितली होती, आणि उपाशी बाईला द्यायची नसते, तू कुठे सांगितलंस ती उपाशी आहे. खरंच, मी सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नाही.

मी येते आणि ग्रोव्हरला सांगते. त्याला माझं तोंड बघायचंय, तर बघू दे. थुंकला तरी चालेल. हे लपवून मला त्याच्या समोर बसता येणार नाही.

लोभ मागायला माझं तोंड उरलं नाही. तुला वाटलं तर लिही.

हुस्तिना


एल आल्तो,
२८ जुलै १९९६

चि. हुस्तिनास आशीर्वाद वि. वि.

उत्तराला उशीर केला, तो मुद्दाम केला. तुझं नाव कागदावर लिहायला हात वळत नव्हता. तुला खोटं सांगत नाही, मी तुला शिव्या दिल्या. गाळ्यावर बसून, गिऱ्हाइकासमोर, मनातल्या मनात, एकही सोडली नाही. मग स्वतःला दिल्या. तू एक वाटी लिहिली होतीस, मी दोन प्यायले. तू डॉक्टरला सांगू नकोस म्हणालीस, पण उर्किदीबाईंच्या समोर दर आठवड्याला मी बसत होते, तोंड मला होतं. आणि केसांची हौस मला होती, ग्रोव्हरला नव्हती. देवाने खरे केस मागितलेच होते का, हे आता कोणाला विचारू.

गाठोडं जाळलं. धूरसुद्धा कडू होता.

ग्रोव्हर आता जिन्याने उतरत नाही. दवाखान्यात नेताना एउसेबियाचा भाऊ त्याला उचलतो. उर्किदीबाई माझ्याशी फार गोड बोलायला लागल्यात, त्यावरून काय ते मी समजले. त्यांनी मला परत नीट जेवायला सांगितलंय, मला बारीक राहण्याचं आता कारण नाही. तेव्हा मी जेवते. चुन्यो, पाव, सगळं. पोल्येरा परत घट्ट व्हायला लागलीय. बाजारातले म्हणतात की फोर्तुनाताचे दिवस पालटले, आणि मी बुडाले म्हणून फिरकेनासे झालेले मालवाले परत माझ्याकडे यायला लागले.

केसही येताहेत. कपाळावर, कानांमागे, इवले इवले, उभे. काढा कधीच सोडला तरी येताहेत. म्हणजे ते येणारच होते. बाई म्हणाल्या होत्या तसेच, काही न करता. सकाळी आरशात ते दिसले की मला ते एकेक करून उपटावेसे वाटतात.

तू ये. लवकर ये, संत्र्यांची तोडणी होऊ दे म्हणून थांबू नकोस. पण त्याला सांगायचं नाही. सांगून तुझं मन मोकळं होईल, त्याचं काय होईल याचा विचार कर. त्याच्याजवळ दोन बायका आहेत, एक मी आणि एक तू. माझ्याकडे तो बघतो तेव्हा मला कळतं, त्याला दया येते आणि राग गिळावा लागतो. तुझ्याकडे बघताना त्याला काही गिळावं लागत नाही. तेवढं त्याचं राहू दे. ओढ्याचं बोल त्याच्याशी, झाडावर चढायचा त्याचं बोल. तुला ते जड जाईल. जाऊ दे. हेच तुझ्याकडून द्यायचं राहिलं होतं असं समज.

तो तुला त्या बाईबद्दल विचारेल, त्याच्या मनातून ते जात नाही. त्याच्याच्याने चढ चढणं आता शक्य नाही, म्हणून एकटी जाऊन शोध म्हणेल. तेव्हा सागार्नागापर्यंत जा, जरा वेळ तिथे थांब, आणि परत येऊन सांग की सापडली नाही.

लोभ तू मागितला नाहीस. पूर्वीसारखा व्हायला वेळ लागेल, पण मागणं सोडू नकोस.

तुझी ताई,
फोर्तुनाता